तेलविहिरींच्या बॅरिअरची फेल्युअर आकडेवारी: प्रत्येक कंपनीची वेगळी, की देशाची एकच आणि सक्तीची?

निशिगंधा_मकरपुरा (धागा)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाद कशावर आहे ते स्पष्ट राहील. देशातल्या प्रत्येक तेल-वायू कंपनीने आपल्या विहिरींच्या बॅरिअरमधला, म्हणजे दाब आवरून धरणाऱ्या अडसरांमधला, कुठला भाग किती वर्षं चालला, कधी आणि कसा निकामी झाला, याची नोंद एकाच साच्यात, एकाच ठिकाणी द्यावी. ही नोंद सक्तीची असावी, आणि त्यातून निघणारे आकडे सगळ्यांना वाचायला मिळावेत.

बडोद्यात या क्षेत्राबाहेरचे वाचकही इथे बरेच आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. वाहत्या विहिरीत जमिनीखालचा दाब आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये दोन स्वतंत्र अडसर हवेत, एक गेला तरी दुसरा उभा राहिला पाहिजे. पहिल्यात साधारणपणे ट्युबिंग (ज्यातून तेल-वायू वर येतो ती आतली नळी), पॅकर (तिच्याभोवतीची जागा बंद करणारं सील) आणि विहिरीत खाली बसवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह. दुसऱ्यात केसिंग (विहिरीला आतून आधार देणारा बाहेरचा पाइप), केसिंगमागचं सिमेंट, वेलहेड (विहिरीचं तोंड), ट्युबिंग टांगणारा ट्युबिंग हँगर, अ‍ॅन्युलसचे (ट्युबिंग आणि केसिंग यांच्यामधल्या पोकळीचे) व्हॉल्व्ह आणि वरचा ख्रिसमस ट्री, म्हणजे तोंडावरचा व्हॉल्व्हचा संच. नॉर्वेच्या नॉर्सोक डी-०१० या मानकात विहिरीच्या आकृतीवर पहिला अडसर निळ्याने आणि दुसरा लालने रंगवतात. ती आकृती एकदा नीट पाहिली की आपण किती थोड्या गोष्टींवर विसंबून आहोत ते कळतं.

यातले बरेच भाग रोज काहीच करत नाहीत. सेफ्टी व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं उघडाच असतो. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली आहे हे वीज गेल्यावरच कळतं, तसा हा व्हॉल्व्ह बसणार नाही हे तो बंद करायला गेल्यावरच कळतं. म्हणून ठरावीक काळाने चाचणी घ्यायची. ती किती काळाने, हे ठरवायला फेल्युअर रेट, म्हणजे वर्षाला किती निकामी होतात तो दर, लागतो. तो आणायचा कुठून?

उत्तर समुद्रावरच्या लोकांनी हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच अंगावर घेतला. ओरेडा हा कंपन्यांचा सामायिक प्रकल्प १९८१ मध्ये सुरू झाला, त्याचं पहिलं हँडबुक १९८४ मध्ये आलं. विहिरीतल्या सेफ्टी व्हॉल्व्हची आकडेवारी नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या सिंटेफ या संशोधन संस्थेने त्याच दशकात गोळा करायला घेतली आणि पुढे त्यातूनच वेलमास्टर हा डेटाबेस उभा राहिला. नोंद कशी करायची याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १४२२४, पहिल्यांदा १९९९ मध्ये निघालं. २००६ मध्ये नॉर्वेच्या सुरक्षा नियामकाने ४०६ विहिरींची पाहणी केली, तेव्हा ७५ विहिरींत, म्हणजे १८ टक्क्यांत, इंटेग्रिटीची, म्हणजे अडसर शाबूत असण्याची, काही ना काही अडचण किंवा शंका निघाली. ते त्यांनी लपवलं नाही. छापलं.

आपल्याकडे संस्थांची कमतरता नाही. ओआयएसडी (तेल उद्योग सुरक्षा संचालनालय) १९८६ पासून आहे, हायड्रोकार्बन महासंचालनालय १९९३ पासून. जमिनीवरच्या विहिरींना ऑइल माइन्स रेग्युलेशन्स, २०१७ लागू आहेत. २०१७ मध्येच नॅशनल डेटा रिपॉझिटरीही सुरू झाली. सायस्मिक आणि वेल लॉग देशाची संपत्ती म्हणून तिथे ठेवले जातात, म्हणजे तेल कुठे सापडेल याचा डेटा सामायिक करायला आपण तयार आहोत. तेच तेल ज्या लोखंडाने आणि सिमेंटने आवरायचं, त्याचा डेटा मात्र ज्याच्या त्याच्या कपाटात. रिस्क स्टडी करायला बसलं की आजही टेबलावर परदेशी हँडबुकच उघडतं.

आसामातल्या बागजानला २७ मे २०२० रोजी ब्लोआउट झाला, म्हणजे विहीर ताबा सुटून उसळली, ९ जूनला आग लागली, अग्निशमन दलाचे दोन जवान गेले, आणि विहीर पूर्णपणे शांत व्हायला १५ नोव्हेंबर उजाडला. आसामातच रुद्रसागरला १२ जून २०२५ रोजी सुटलेला वायू २७ जूनला थांबला. चौकशी प्रत्येक घटनेची होते. दोन घटनांच्या मधल्या काळात जे शेकडो छोटे बिघाड मुकाट दुरुस्त होतात त्यांची बेरीज कोण करतं?

---

जुना_रिगवाला

ताई, कळकळ पटली, निष्कर्ष पटला नाही.

तुम्ही नावं घेतलीत ती घेऊनच बोलू. बागजानला वर्कओव्हर (जुन्या विहिरीची दुरुस्ती) चालू होतं आणि विहिरीवरचा बीओपी (ब्लोआउट रोखणारा, तोंडावर बसवायचा व्हॉल्व्हसंच) काढल्यावर विहीर उसळली. बीओपीचा फेल्युअर रेट किती होता याच्याशी त्याचा काय संबंध? जो बीओपी विहिरीवर नाहीच, तो निकामी कसा होणार? नॉर्वेच्या समुद्रातल्या एकोफिस्कचा ब्राव्हो ब्लोआउट, एप्रिल १९७७: तेही वर्कओव्हर, खालचा सेफ्टी व्हॉल्व्ह नीट बसवलेला नव्हता आणि वर बीओपी अजून लागायचा होता. ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातलं माँतारा, ऑगस्ट २००९: दोन कॅप लावायच्या होत्या, लावली एक, आणि खालच्या सिमेंटवर सगळा भरवसा. मेक्सिकोच्या आखातातलं मकोंडो, २० एप्रिल २०१०: अकरा माणसं गेली. तिथे निगेटिव्ह प्रेशर टेस्टमध्ये (आतला दाब मुद्दाम कमी करून विहीर गळते का ते बघायची चाचणी) ड्रिलपाइपवर दाब दिसत होता, तरी टेस्ट पास धरली.

या चारही ठिकाणी बिघाड झाला तो माणसाच्या निर्णयात. हँडबुकमध्ये त्या निर्णयाचा फेल्युअर रेट छापलेला नसतो.

दुसरं, आपल्या भागाचं. अंकलेश्वरचं तेलक्षेत्र १९६० चं. त्यानंतर कलोल, मेहसाणा, गांधार. इथल्या कितीतरी विहिरींना आता स्वतःहून वाहायची ताकद उरलेली नाही, एसआरपीवर, म्हणजे सळ्यांनी चालणाऱ्या पंपावर, चालतात. तिथे पॉलिश्ड रॉड (पंपाची सगळ्यात वरची सळई) आणि स्टफिंग बॉक्स (तिच्याभोवतीचं सील) बघायचा. उत्तर समुद्राच्या हाय-प्रेशर विहिरींसाठी बनवलेला साचा इथे आणून ओतलात तर अर्धे रकाने रिकामे राहतील आणि उरलेल्या अर्ध्यांत कुणीतरी ‘ओके’ लिहील.

तिसरं, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं. सक्तीची नोंद म्हणजे खोटी नोंद. आज पोरं व्हॉल्व्ह धरत नसेल तर मोकळेपणाने सांगतात, कारण तो बदलायचा असतो. उद्या तोच बिघाड दिल्लीला कळणार असेल तर ग्रीस मारून, चार वेळा उघडझाप करून, मग टेस्ट घेतील आणि पहिल्या फटक्यात पास झाला असं लिहितील.

---

निशिगंधा_मकरपुरा

काका, माणसाच्या निर्णयाबद्दल वाद नाही. पण उदाहरणं तुम्ही सोयीची निवडलीत. मी एक देते, त्याचं काय करायचं सांगा.

कॅलिफोर्नियातलं अलिसो कॅनियन, वायू साठवण्याचं क्षेत्र. एसएस-२५ ही १९५३ ची विहीर. २३ ऑक्टोबर २०१५ रोजी गळती सुरू झाली, ती जवळजवळ चार महिने चालली आणि सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला. कारण: सात इंची केसिंग बाहेरून, जीवाणूंमुळे होणाऱ्या गंजाने खाल्लं होतं. खालचा सेफ्टी व्हॉल्व्ह १९७९ मध्येच काढून टाकलेला होता, पुन्हा बसवला नव्हता. हे सगळं पुष्कळांनी वाचलं असेल. चौकशी अहवालातली पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. त्या क्षेत्रात आधी केसिंगच्या साठहून जास्त गळत्या झालेल्या होत्या, १९७० च्या दशकापासून, आणि त्यातल्या एकीचंही कारण शोधलं गेलं नव्हतं. विहीर दुरुस्त केली, काम पुढे.

इथे शेवटच्या रात्री कुणी चुकीचा निर्णय घेतला म्हणून हे झालं नाही. साठ इशारे साठ वेगळ्या फायलींत पडून होते. एका तक्त्यात मांडले असते तर विहिरींचं वय, खोली आणि गंज यांचा मेळ डोळ्यांना दिसला असता. मी मागते तो हाच तक्ता.

आणि अंकलेश्वरच्या विहिरी १९६० च्या म्हणता, तर त्यांचं केसिंगही साठीच्या पुढे गेलं. माझी काळजी त्यामुळे वाढते.

---

मध्यमान

मी संख्याशास्त्र शिकवते, रिगवर काम केलेलं नाही. पण या विषयावर विद्यार्थ्यांबरोबर बरंच बसले आहे आणि दोन्ही बाजूंना काही सांगायचं आहे.

आधी आकडा लागतो कशाला ते. समजा १०० व्हॉल्व्ह प्रत्येकी ५ वर्षं चालले, म्हणजे ५०० व्हॉल्व्ह-वर्षं, आणि त्यात १० निकामी निघाले. दर झाला वर्षाला ०.०२. चाचणी सहा महिन्यांनी होत असेल तर गरज पडेल त्या क्षणी व्हॉल्व्ह मेलेला असण्याची सरासरी शक्यता साधारण ०.०२ गुणिले अर्धं वर्ष, भागिले दोन, म्हणजे ०.००५. दोनशेत एकदा. चाचणी वर्षावर नेलीत तर शंभरात एकदा. ‘सहा महिन्यांचं वर्ष करू, प्रॉडक्शन वाचेल’ असं बैठकीत कुणी म्हणालं तर त्याची किंमत एका ओळीत मांडता येते. दर माहीत नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

आता काकांना. ‘आमच्याकडे आजवर एकही फेल झाला नाही, आकडा कशाला’ हे मी फार वेळा ऐकते. शून्य बिघाड हीसुद्धा माहितीच आहे, पण तिला मर्यादा असते. ३०० व्हॉल्व्ह-वर्षांत शून्य बिघाड असतील तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दर वर्षाला ०.०१ पेक्षा जास्त नसावा. तीन भागिले एकूण वर्षं. त्याहून चांगलं काही म्हणायचं असेल तर जास्त व्हॉल्व्ह-वर्षं लागतात, आणि ती एका कंपनीकडे नसतात. सामायिक डेटाच्या बाजूचं माझ्या मते हे सगळ्यात भक्कम कारण आहे. ब्लोआउटच्या आठवणींपेक्षाही भक्कम.

आता निशिगंधाला. तू ‘किती वर्षं चालला’ असं लिहिलंस ते चांगलं केलंस, पण प्रत्यक्षात नोंद होते ती फक्त मेलेल्यांची. आता दुसरे १०० व्हॉल्व्ह घे, त्यातले १० मेले, सरासरी दोन वर्षं चालून, असं धर. फक्त त्यांचीच फाइल पाहिलीस तर ‘व्हॉल्व्ह दोन वर्षं टिकतो’ असा निष्कर्ष निघेल. उरलेले ९० पाच वर्षं चालून अजून उभे आहेत, त्यांची ४५० वर्षं धरलीस तर एकूण ४७० वर्षांत १० बिघाड, म्हणजे सरासरी ४७ वर्षांना एक. दोन आणि सत्तेचाळीस! वर्कओव्हर रिपोर्ट कितीही गोळा केले तरी हे त्यातून निघणार नाही. कारण जी विहीर उघडलीच नाही तिचा वर्कओव्हर रिपोर्टच नसतो. आधी यादी हवी प्रत्येक बसवलेल्या भागाची, तारखेसकट.

आणखी एक. दोन अडसर स्वतंत्र आहेत हे गृहीतक फार स्वस्तात धरलं जातं. प्रत्येकी ०.००५ असेल तर दोन्ही एकदम जाण्याची शक्यता ०.००००२५, कागदावर सुंदर दिसते. पण बिघाडांपैकी फक्त ५ टक्के जरी सामायिक कारणाचे असले, समजा एकच हायड्रॉलिक ऑइल, एकच टेस्ट करणारी टीम, एकाच बॅचचं सील, तर आकडा ०.०००२५ होतो. दहा पट. हे सामायिक कारण हँडबुकमधून येत नाही, ते आपापल्या फील्डमध्येच शोधावं लागतं. म्हणून देशाचा डेटाबेस झाला की प्रश्न सुटला असं कुणी समजू नये.

आणि केसिंगच्या गंजाला स्थिर दर लावू नये ही कळकळीची विनंती. स्थिर दराचं गणित सोपं म्हणून सगळीकडे तेच वापरतात. गंजाला वय असतं, १९६० चं केसिंग आणि २०१० चं केसिंग यांची सरासरी काढली तर ती दोघांनाही लागू पडत नाही.

---

सील_आणि_गॅस्केट

मी सामान पुरवणाऱ्यांच्या बाजूने लिहितोय, मकरपुरा जीआयडीसीत आमच्यासारखे बरेच जण आहेत. सामायिक डेटाला आमचा विरोध असतो असं गृहीत धरलं जातं. पूर्ण खरं नाही. पण सक्तीच्या आणि उघड डेटाला माझा विरोध आहे, कारण सांगतो.

व्हॉल्व्ह निकामी झाला म्हणजे व्हॉल्व्ह वाईट होता असं होत नाही. कंट्रोल लाइन (व्हॉल्व्ह चालवणारी बारीक हायड्रॉलिक नळी) चिमटली, व्हॉल्व्ह बंद झाला नाही. व्हॉल्व्हच्या खात्यात मांडायचं की लाइनच्या? आयएसओ १४२२४ मध्ये प्रत्येक उपकरणाची हद्द आखायला सांगितलंय ते यासाठीच. ती हद्द न पाळता यादी छापली आणि त्यात कंपनीचं नाव आलं तर पुढच्या टेंडरमध्ये तो माणूस संपला. टेंडर कमी किमतीवर जातं आणि दोष मात्र दर्जाचा म्हणून लागतो. सीलचं रबर विहिरीतल्या वायूला चालणारं नाही हे आम्ही लेखी कळवलं होतं, तरी स्वस्तातलंच घेतलं, आणि गळती झाल्यावर पत्र आम्हालाच आलं, असं एका कंपनीकडून आमच्या बाबतीत झालंय. नाव घेत नाही.

ओरेडाचा दाखला निशिगंधाताई देतात. तिथे मूळ तपशीलवार डेटा फक्त सदस्य कंपन्यांना मिळतो. बाहेर हँडबुकमध्ये येतात ते एकत्र केलेले आकडे, बनवणाऱ्याच्या नावाशिवाय. आणि त्या कंपन्या एकत्र आल्या त्या आपल्या गरजेने. तुम्ही दाखला त्यांचा देता आणि मागता वेगळंच.

---

पादराकर

मी इंजिनिअर नाही. पादऱ्याकडे आमची जमीन आहे आणि त्या पट्ट्यात तेलाच्या विहिरी आहेत. चालू आहेत तशा बंद केलेल्याही.

तुमची सगळी चर्चा वाचली. व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह. बंद केलेल्या विहिरीत व्हॉल्व्ह कुठे असतो? तिथे सिमेंटचा प्लग, वर प्लेट, त्यावर माती. त्या सिमेंटची सहा महिन्यांनी चाचणी कोण घेतं? आमच्या बांधाजवळ अशी एक आहे. कुठल्या साली बंद झाली, किती सिमेंट घातलं, कुणी तपासलं, एवढंच विचारायला गेलो होतो. या खिडकीवरून त्या खिडकीवर. कुणी वाईट बोललं नाही, पण कागदही कुणी दाखवला नाही.

म्हणून मला सक्ती हवी. कंपनी कंपनीला डेटा देईल न देईल, माझा त्याच्याशी संबंध नाही. माझ्या सर्व्हे नंबरमधल्या विहिरीचा कागद तलाठ्याकडे असायला हवा.

---

जुना_रिगवाला

पादराकर, तुमचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे आणि ते या धाग्याच्या मागणीपेक्षा वेगळं आहे. तुम्ही तुमच्या एका विहिरीचा इतिहास मागताय. तो मिळालाच पाहिजे. निशिगंधाताई मागतायत ती हजारो विहिरींची सरासरी. सरासरीने तुमच्या बांधाजवळच्या विहिरीबद्दल काही कळणार नाही.

आता मध्यमान ताईंच्या गणिताबद्दल. गणित चोख आहे. पण त्यात घालायचा ‘बिघाड’ कशाला म्हणायचं? सेफ्टी व्हॉल्व्ह बंद केल्यावर थोडं गळणं चालतं. एपीआय १४बी या अमेरिकन मानकाप्रमाणे वायू मिनिटाला १५ घनफूट, द्रव मिनिटाला ४०० घन सेंटिमीटर, इथपर्यंत पास. हे मोजायचं कसं? फील्डवर प्रत्येक ठिकाणी फ्लोमीटर लावून बसत नाहीत. वरचा दाब किती वेळात किती चढला ते पाहून हिशोब करायचा. वरची ट्युबिंगची जागा किती, वायू किती गरम, गेज किती बारीक वाचता येतो, यावर उत्तर बदलतं. तोच व्हॉल्व्ह, एका शिफ्टला पास, दुसऱ्या शिफ्टला फेल. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. गेजवरचा काटा दोन आकड्यांच्या मध्ये थरथरत असतो आणि दोन शहाणी माणसं त्यावरून भांडत असतात.

ख्रिसमस ट्रीचा मास्टर व्हॉल्व्ह घ्या. बंद केला, गळतोय. पुन्हा उघडून बंद केला, धरला. हा बिघाड की नाही? नियम सांगतो की पहिल्या फटक्याचा निकाल लिहा. कारण ब्लोआउट दुसरी संधी देत नाही. पण लिहिताना दुसरा निकाल लिहिला जातो. हा लबाडपणा नसतो ताई. त्या माणसाला खरंच वाटतं की व्हॉल्व्ह चांगला आहे, कारण त्याच्यासमोर तो धरलाय.

आणि वर्कओव्हर रिपोर्टमध्ये काय लिहिलेलं असतं? ‘व्हॉल्व्ह धरत नव्हता, बदलला.’ कितव्या वर्षी, किती दाबावर, सील फाटलं होतं की वाळू अडकली होती, काढलेला व्हॉल्व्ह खोलून कुणी पाहिला का, काही नाही. अशा दहा हजार ओळी एका जागी आणल्या तर डेटाबेस होईल, पण कळणार काहीच नाही. आणि मग त्याच्यातून तीन दशांशांपर्यंत आकडा निघेल आणि वातानुकूलित खोलीत कुणीतरी त्यावर सही करून टेस्टची मुदत वाढवेल. मला भीती या सहीची आहे. आज आकडा नाही म्हणून तो माणूस मला फोन करून विचारतो तरी.

---

निशिगंधा_मकरपुरा

काका, तुमचा हा प्रतिसाद मी माझ्या टीमला वाचून दाखवणार आहे. पहिल्या फटक्याचा निकाल लिहिण्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये इतकं स्पष्ट ऐकलेलं नाही.

पण बघा, तुम्ही मांडलेली प्रत्येक अडचण नोंद वाईट असण्याची आहे. नोंद नसावी हे त्यातून निघत नाही. आजची नोंद वाईट आहे कारण ती कुणी वाचत नाही. कपाटात जाणारा कागद जसा लिहायचा तसाच ती पोरं लिहितात. ‘बदलला’ एवढंच लिहून भागतं, कारण पुढचा प्रश्न विचारणारं कुणी नाही. नॉर्वेत जोखमीच्या पातळीचा अहवाल दरवर्षी निघतो, त्यात सेफ्टी व्हॉल्व्ह, ख्रिसमस ट्री, बीओपी यांच्या चाचण्यांपैकी किती फेल गेल्या ते छापतात. कंपनीला आपला आकडा दुसऱ्यांशेजारी दिसतो. आपण फार चांगले दिसत असू तर तेही संशयास्पद, हे तिथल्या लोकांना कळतं. शून्य टक्के फेल दाखवणाऱ्या फील्डवर आधी ऑडिटला जायला हवं, असं मी म्हणेन.

सील_आणि_गॅस्केट यांना: बनवणाऱ्याचं नाव बाहेर छापू नये, मान्य. माझी मागणी आकडे उघड करण्याची आहे, नावं उघड करण्याची मी कुठे केली? हद्द आखणंही मान्य. तुम्ही रबराचं उदाहरण दिलंत ते तर माझ्याच बाजूचं आहे. कारणाच्या रकान्यात ‘चुकीचं मटेरियल निवडलं’ असं लिहायची सोय असती तर पत्र तुम्हाला आलं नसतं.

आणि डेटा ठेवायचा कुणी, यावर माझं मत: खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे देऊ नये. जो खटला भरू शकतो त्याच्यासमोर कुणी मन मोकळं करत नाही. एखाद्या विद्यापीठाकडे किंवा संशोधन संस्थेकडे द्यावा, सिंटेफसारखा, आणि त्यातली नोंद कुणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही हे कायद्यातच लिहावं. सक्ती फक्त देण्याची.

सुरुवातीला सगळी विहीर नकोच. सेफ्टी व्हॉल्व्ह, मास्टर व्हॉल्व्ह, पॅकर आणि प्रॉडक्शन केसिंग. एसआरपीच्या विहिरींना वेगळा छोटा साचा, स्टफिंग बॉक्ससकट.

---

मध्यमान

> सक्ती फक्त देण्याची.

इथे मी निशिगंधाच्या बाजूने नाही. नमुना लहान पण खरा असेल तर त्यातून काही शिकता येतं, मर्यादा मोजता येते. नमुना मोठा पण सवयीने ‘ओके’ लिहिलेला असेल तर त्याची मर्यादा मोजण्याची कुठलीही पद्धत माझ्याकडे नाही. इच्छुक असलेल्या चार फील्डपासून सुरू करा, प्रत्येक बसवलेल्या भागाची पूर्ण यादी करा आणि काढलेला प्रत्येक व्हॉल्व्ह खोलून बघा. गांधारसारखं एखादं क्षेत्र पाच वर्षं नीट केलं तर ते सगळ्या देशाच्या अर्धवट डेटापेक्षा मोलाचं ठरेल.

पादराकरांच्या प्रश्नाला अजून कुणी नीट उत्तर दिलेलं नाही, ते मला खटकतंय. कायमच्या प्लगचा बिघाड शोधला जात नाही म्हणून तो डेटात येत नाही, आणि डेटात येत नाही म्हणून तो होत नाही असं धरलं जातं. नॉर्सोकमध्ये कायमचा प्लग अनंत काळासाठी धरायला सांगितलंय. अनंत काळाचं आश्वासन देऊन शून्य वेळा तपासणं, याला संख्याशास्त्रात काही उत्तर नाही. तिथे प्रत्येक विहिरीचा कागद आणि जमिनीवर वायूची मोजणी, एवढंच करता येतं. त्या एका गोष्टीला मी सक्ती मागेन.

---

सील_आणि_गॅस्केट

पुरावा म्हणून वापरणार नाही असं कायद्यात येणार असेल तर माझा अर्धा विरोध गेला. उरलेला अर्धा: काढलेला व्हॉल्व्ह खोलताना बनवणाऱ्याचा माणूस तिथे असायला हवा. आमच्या पाठीमागे खोलून कारण लिहिलं तर ते आम्ही मान्य करणार नाही.

---

जुना_रिगवाला

चार फील्ड, ऐच्छिक, आणि बनवणाऱ्याच्या माणसासमोर खोलायचं. एवढ्यावर मी सही करेन. सक्तीवर नाही.

आणि एक विचारतो, त्याचं उत्तर कुणी दिलेलं नाही. हे लिहिणार कोण? वर्कओव्हर रिगवरचा शिफ्ट इन्चार्ज रात्री ट्युबिंग काढतोय, खाली विहीर भरलेली ठेवायचीय, ट्रिप टँकवर (विहिरीत किती द्रव जातोय ते दाखवणारी टाकी) नजर आहे, डीपीआर (रोजचा अहवाल) सकाळी पोचवायचाय. त्याच्या हातात आणखी एक फॉर्म दिलात तर तो शेवटी भरला जाणार, घाईत, आठवणीवर. विहिरीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचं लक्ष काढून घेऊन सुरक्षिततेचा डेटा गोळा करायचा, हे मला पटणार नाही. प्रत्येक रिगमागे या नोंदीसाठी वेगळा माणूस द्या, काढलेला माल ठेवायला जागा द्या, खोलायला वर्कशॉप द्या. मग बोलू.

---

निशिगंधा_मकरपुरा

वेगळा माणूस, जागा आणि वर्कशॉप हवंच, आणि माझ्या मागणीत ते आजपासून धरा. पण ऐच्छिक ठेवलंत तर तेलाचा भाव पडला की पहिली कपात याच माणसावर येईल, काका. २०१४ च्या मध्यापासून भाव घसरले तेव्हा कुठली कामं पुढे ढकलली गेली ते तुम्हीच आम्हाला सांगितलंय. म्हणून सक्ती मी सोडत नाही. फॉर्मची सक्ती नको असेल तर त्या माणसाची करा, रिगवर बीओपी लागतो तसा हा माणूस लागेल असं नियमात लिहा.

मध्यमान, बंद विहिरींच्या कागदासाठी वेगळा धागा काढते. पादराकर, तुमच्याकडे सर्व्हे नंबर आणि विहिरीवरच्या पाटीचा फोटो असेल तर तो इथे उघड टाकू नका, मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा. अर्ज कुणाकडे आणि कसा करायचा, ते आपण मिळून लिहू.